कमी जीपीए आणि ट्रान्सफर: अमेरिकेतील विद्यापीठात सोरोरिटीत प्रवेश कसा मिळवावा

अमेरिकेतील विद्यापीठात दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर होऊन आलेल्या विद्यार्थिनीला सोरोरिटीत, म्हणजे विद्यार्थिनींच्या सदस्यसंघटनेत, जायचे असते आणि तिचा जीपीए (चारच्या मोजपट्टीवरील ग्रेडची सरासरी) २.५ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो, तेव्हा तिच्या वाटेत दोन वेगळ्या अडचणी असतात. पहिली गुणांची. प्रत्येक सोरोरिटीची किमान जीपीएची अट ठरलेली असते आणि त्या आकड्याखालच्या मुलीला, ती सगळ्यांना कितीही आवडली तरी, बिड म्हणजे सदस्यत्वाचे निमंत्रण देता येत नाही. दुसरी अडचण वर्षाची. पहिल्या वर्षाला आलेली मुलगी चार वर्षे वर्गणी भरते, सोरोरिटीच्या घरात राहून तिथल्या खोल्या भरते आणि पुढे पदेही सांभाळते; तिसऱ्या वर्षाला आलेली मुलगी जेमतेम दोन वर्षे हाताशी असते, आणि हा हिशेब कोणी तोंडावर बोलून दाखवत नसले तरी प्रत्येक चॅप्टर, म्हणजे सोरोरिटीची त्या विद्यापीठातील शाखा, तो करतच असतो.

माझ्या मते यांपैकी गुणांची अडचण पुष्कळदा एका सत्रात सुटण्यासारखी असते, कारण नव्या विद्यापीठात ट्रान्सफर विद्यार्थिनीचे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे भारांक) जमा होतात, पण जुन्या ग्रेड बहुधा नव्या जीपीएत धरल्या जात नाहीत. तिचा तिथला जीपीए कोऱ्या पाटीवर सुरू होतो. मात्र या गोष्टीचा उपयोग करून घ्यायचा तर कोणत्या सोरोरिटीकडे, कोणत्या महिन्यात आणि कोणता आकडा घेऊन जायचे हे आधी ठरवावे लागते. उत्साहाच्या भरात ऑगस्टमध्ये नोंदणीचे पैसे भरून पहिल्याच फेरीत बाहेर पडणाऱ्या मुलींनी नेमका हाच विचार केलेला नसतो.

सोरोरिटी कोणत्या प्रकारची

चित्रपटांत दिसणारी मोठी घरे, एकसारखे कपडे आणि सलग काही दिवस चालणारी रिक्रूटमेंट, म्हणजे नव्या सदस्यांची निवड, हे चित्र मुख्यतः नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या सोरोरिटींचे आहे. १९०२ साली शिकागोत स्थापन झालेल्या या परिषदेत वीसहून अधिक राष्ट्रीय सोरोरिटी आहेत, आणि कमी जीपीए असलेल्या ट्रान्सफर विद्यार्थिनीला सर्वांत जास्त नियोजन इथेच करावे लागते. म्हणून पुढील लेखाचा मोठा भाग याच सोरोरिटींविषयी आहे. पण त्या एकट्याच नाहीत.

ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय महिलांनी उभ्या केलेल्या चार सोरोरिटी, म्हणजे अल्फा कॅपा अल्फा (१९०८), डेल्टा सिग्मा थीटा (१९१३), झीटा फाय बीटा (१९२०) आणि सिग्मा गॅमा रो (१९२२), यांची पद्धत पूर्णपणे निराळी आहे. तिथे ठरावीक क्रेडिट पूर्ण झाल्याशिवाय अर्जच करता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला येणे ही उणीव ठरत नाही. मात्र गुणांची अट काटेकोर असते आणि समाजसेवेचे काम आधीपासून केलेले असावे लागते. केवळ इतर ठिकाणी जमले नाही म्हणून तिकडे वळणाऱ्या मुलीला तिथे कोणी गंभीरपणे घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

मराठी घरांतील मुलींना जवळचा वाटू शकेल असा आणखी एक पर्याय म्हणजे दक्षिण आशियाई सोरोरिटी. यांतील तीन एकाच वर्षी, १९९८ मध्ये, सुरू झाल्या: ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात कॅपा फाय गॅमा, आणि न्यूयॉर्क राज्यातील सेंट जॉन्स व ऑल्बनी येथे सिग्मा सिग्मा रो. यांचे चॅप्टर लहान असतात आणि बहुतेकांचे स्वतःचे घर नसते, त्यामुळे खोल्या भरण्याचा हिशेब मागे पडतो आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलीकडेही मोकळेपणाने पाहिले जाते. किमान जीपीएची अट इथेही आहेच. अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींसाठी मार्केट (Marquette) विद्यापीठात १९८३ साली सुरू झालेली अल्फा ओमेगा एप्सिलॉन आणि पर्ड्यू येथे १९८४ साली सुरू झालेली फाय सिग्मा रो या दोन सोरोरिटी आहेत. ज्यांचा जीपीए गणित-भौतिकशास्त्रामुळे खाली आला आहे, त्यांच्या गुणांची गोष्ट तिथल्या मुलींना फारशी समजावून सांगावी लागत नाही.

आधीच्या कॉलेजात कोणत्याही पॅनहेलेनिक सोरोरिटीची दीक्षा, म्हणजे पूर्ण सदस्य करून घेण्याचा विधी, झाली असेल, तर नव्या विद्यापीठात त्याच परिषदेतील दुसऱ्या सोरोरिटीत जाता येत नाही. आपल्याच सोरोरिटीचा चॅप्टर तिथे असल्यास त्याच्याशी संलग्न होण्याची विनंती करता येते, पण ती मान्य करणे त्या चॅप्टरच्या हाती असते.

कोणता जीपीए धरला जाईल, हे लेखी विचारा

कॅलिफोर्नियातील उदाहरण घेऊ. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजसारख्या कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून) अनेक भारतीय मुले युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ट्रान्सफर घेतात. तिथे ट्रान्सफरसाठी किमान जीपीए राज्यातील रहिवाशांना २.४ आणि इतरांना २.८ लागतो, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत रहिवाशांसाठी ही अट २.० आहे. म्हणजे विद्यापीठाने रीतसर प्रवेश दिलेली मुलगीसुद्धा २.५ किंवा २.७ मागणाऱ्या सोरोरिटीच्या अटीत बसेलच असे नाही. पण एकदा प्रवेश झाला की कम्युनिटी कॉलेजातील ग्रेड नव्या जीपीएत येत नाहीत, आणि पहिल्या सत्राचा निकाल लागला की तिच्या नावापुढे स्वच्छ नवा आकडा उभा राहतो.

सोरोरिटी यांपैकी कोणता आकडा पाहते, याला सर्वत्र लागू होणारे एक उत्तर नाही. प्रत्येक राष्ट्रीय संघटना स्वतःची किमान अट ठरवते, चॅप्टरला ती आणखी वर नेता येते, आणि काही विद्यापीठे त्यावर स्वतःचीही अट घालतात. सर्वसाधारणपणे पहिले सत्र संपेपर्यंत जुन्या कॉलेजचे ट्रान्सक्रिप्ट पाहिले जाते. त्यानंतर कुठे फक्त नव्या विद्यापीठाचा जीपीए धरतात, तर कुठे सगळ्या कॉलेजांचा एकत्रित. तुमचे पुढचे सगळे नियोजन या एका उत्तरावर अवलंबून असल्याने ते मैत्रिणींना किंवा चॅप्टरमधील मुलींना विचारून भागत नाही.

विद्यापीठाच्या फ्रॅटर्निटी अँड सोरोरिटी लाइफ कार्यालयाला चार ओळींचा ईमेल पाठवावा. आपण कोणत्या कॉलेजातून, किती क्रेडिट घेऊन, कोणत्या सत्राला येत आहोत आणि तिथला एकत्रित जीपीए किती होता, हे पहिल्या दोन ओळींत सरळ लिहावे. पुढच्या दोन ओळींत तीन प्रश्न असावेत: येत्या रिक्रूटमेंटसाठी माझा कोणता जीपीए पाहिला जाईल, नव्या विद्यापीठात एक सत्र पूर्ण केल्यानंतर तो नियम बदलतो का, आणि प्रत्येक चॅप्टरची किमान अट दाखवणारा तक्ता उपलब्ध आहे का. असा तक्ता अनेक विद्यापीठे तयारच ठेवतात, फक्त तो कोणी मागत नाही. आकडा लपवून मोघम विचारले, तर उत्तरही मोघमच येते.

नोंदणीच्या अर्जात जीपीए वाढवून लिहिण्याचा मोह अजिबात धरू नये. १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे विद्यापीठ तुमच्या ग्रेड तुमच्या संमतीशिवाय कोणाला देऊ शकत नाही, हे खरे. पण रिक्रूटमेंटच्या अर्जात त्या संमतीचा रकानाच असतो, आणि त्यावर टिचकी मारली की कार्यालय रजिस्ट्रारकडून आकडा पडताळून घेते. २.३ असलेल्या मुलीला सहा महिन्यांनी पुन्हा येता येते. २.३ चे २.८ लिहिलेले पकडले गेले, तर ती गोष्ट त्या छोट्याशा जगात लवकर पसरते.

आकडा वर नेण्याचे गणित

समजा तुमचे ३० क्रेडिट झाले आहेत आणि जीपीए २.१ आहे. ३० गुणिले २.१ म्हणजे ६३ ग्रेड पॉइंट. पुढच्या सत्रात १५ क्रेडिट घेऊन एकत्रित जीपीए २.५ करायचा, तर ४५ क्रेडिटवर ११२.५ पॉइंट हवेत, म्हणजे या सत्रात ४९.५ पॉइंट, म्हणजेच ३.३ ची सरासरी. सगळ्या विषयांत बी प्लस मिळवणे कठीण आहे, पण होण्यासारखे आहे. हेच गणित ६० क्रेडिट झालेल्या मुलीसाठी मांडले, तर तिच्याकडे १२६ पॉइंट असतात, ७५ क्रेडिटवर १८७.५ लागतात, आणि १५ क्रेडिटमध्ये ६१.५ पॉइंट मिळवायला ४.१ ची सरासरी हवी, जी चारच्या मोजपट्टीवर अशक्य आहे. याउलट फक्त नव्या विद्यापीठाचा जीपीए धरला जात असेल, तर हिला केवळ एका सत्रात ३.० मिळवून पुरते. कार्यालयाला पाठवलेल्या त्या ईमेलचे महत्त्व इथे कळते: एका उत्तरात तिचे दार बंद असते, दुसऱ्यात डिसेंबरमध्ये उघडते.

एकत्रित जीपीएच धरला जात असेल, तर नापास झालेला विषय पुन्हा घेऊन जुनी ग्रेड बदलून घेणे हा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे. वरच्या ३० क्रेडिटच्या उदाहरणात चार क्रेडिटच्या रसायनशास्त्रात एफ मिळाला होता असे धरा. तो विषय पुन्हा घेऊन बी मिळाला आणि जुनी ग्रेड काढून टाकली गेली, तर क्रेडिट ३० च राहतात, पॉइंट ६३ चे ७५ होतात आणि जीपीए थेट २.५ वर येतो. ही सोय बहुधा त्याच कॉलेजात विषय पुन्हा घेतल्यास आणि ठरावीक खालच्या ग्रेडसाठीच मिळते, म्हणून ट्रान्सफर होण्याआधीच्या उन्हाळ्यात जुन्या कॉलेजात हे काम उरकलेले बरे. वैद्यकीय शिक्षणाकडे डोळे लावून बसलेल्यांनी, आणि त्यांच्या आईवडिलांनीही, एवढे लक्षात ठेवावे की मेडिकल स्कूलच्या अर्जात पहिली आणि दुसरी अशा दोन्ही ग्रेड धरल्या जातात.

नव्या विद्यापीठातील पहिल्या सत्रात १२ ते १४ क्रेडिटच्या पुढे जाऊ नये आणि प्रयोगशाळेचे जड विषय एकापेक्षा जास्त घेऊ नयेत. सोरोरिटीसाठी हवा असलेला आकडा याच सत्रात तयार होत असतो. एखादा विषय हाताबाहेर जातो आहे हे पहिल्या परीक्षेनंतर दिसले, तर मुदतीच्या आत तो सोडून डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची नोंद, घेता येतो, आणि डब्ल्यू जीपीएत मोजला जात नाही. पण भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या विद्यार्थिनीने इथे घाई करू नये. तिला पदवीच्या सत्रात किमान १२ क्रेडिट राखावेच लागतात, आणि त्याखाली जायचे तर विषय सोडण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी लागते. नंतर घेतलेली परवानगी उपयोगाची नसते. सोरोरिटीसाठी व्हिसा धोक्यात घालणे हा कोणत्याही हिशेबाने शहाणपणा नव्हे. सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या मुलींनाही सोडलेल्या विषयांचा फटका बसतो, कारण घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण दोन-तृतीयांश पूर्ण करण्याची अट त्यांच्यावर असते.

फॉल रिक्रूटमेंट की ओपन बिडिंग

पॅनहेलेनिक सोरोरिटींची मुख्य रिक्रूटमेंट बहुतेक विद्यापीठांत फॉल, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या, सत्राच्या तोंडावर होते. पहिल्या फेरीत प्रत्येक मुलगी सगळ्या किंवा बहुतेक चॅप्टरना भेटते, मग सेवाकार्य, सख्यत्व अशा विषयांच्या फेऱ्या होतात, शेवटी प्रेफरन्सची गंभीर, शांत फेरी होते आणि बिड डेला निकाल लागतो. प्रत्येक फेरीनंतर चॅप्टरने किती मुली वगळायच्या याचा आकडा मागील वर्षांच्या अनुभवावरून काढून दिलेला असतो. ज्या चॅप्टरकडे मुलींचा ओढा जास्त, त्याला पहिल्याच दिवशी मोठी संख्या कमी करावी लागते. शेकडो मुलींशी काही मिनिटे बोलून झालेल्या चॅप्टरला अशा वेळी सर्वांत सोपी चाळणी गुणांचीच सापडते. त्यामुळे किमान अटीच्या वर असूनही २.६ ची मुलगी पहिल्या फेरीनंतर तीन-चार मोठ्या चॅप्टरमधून गळते, आणि तिला वाटते की आपले बोलणे किंवा कपडे चुकले.

अटीच्या जरा खाली असलेल्या मुलींना काही चॅप्टर ‘ग्रेड रिस्क’ म्हणून घेतात. म्हणजे चॅप्टरने स्वतः ठरवलेल्या वरच्या आकड्याखाली, पण राष्ट्रीय किमान अटीच्या वर असलेल्या मोजक्या मुली. या जागा थोड्या असतात आणि त्या बहुधा आधीपासून कोणाच्या तरी ओळखीच्या मुलींना मिळतात. नवख्या ट्रान्सफर विद्यार्थिनीने त्यांवर भिस्त ठेवू नये.

याला पर्याय आहे कंटिन्युअस ओपन बिडिंगचा, ज्याला सगळे सीओबी म्हणतात, आणि कमी जीपीए असलेल्या ट्रान्सफर विद्यार्थिनीसाठी मी तोच मुख्य रस्ता मानतो. प्रत्येक विद्यापीठात चॅप्टरची एक कमाल सदस्यसंख्या ठरलेली असते. फॉल रिक्रूटमेंटनंतरही जे चॅप्टर त्या संख्येखाली राहतात, त्यांना उरलेल्या जागांसाठी वर्षभर अनौपचारिकपणे बिड देता येतात. डिसेंबरमध्ये काही जणी पदवी घेऊन जातात, काही स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारीपासूनच्या सत्रात, परदेशी शिकायला जातात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत नव्या जागा निघतात. तोपर्यंत तुमच्या पहिल्या सत्राचा निकाल हाती आलेला असतो. क्वार्टर पद्धतीच्या विद्यापीठांत, उदाहरणार्थ यूसीएलएत, दहा आठवड्यांचे पहिले क्वार्टर डिसेंबरमध्ये संपते आणि जानेवारीत लगेच दुसरे सुरू होते, त्यामुळे तिथेही नवा आकडा घेऊन हिवाळ्यात जाता येते.

सीओबीत फेऱ्या नसतात. चॅप्टरच्या इन्स्टाग्रामवर नाव नोंदवायचा फॉर्म येतो, मग कॉफीला, जेवणाला किंवा चित्रकलेच्या संध्याकाळीला बोलावणे येते, आणि दहा-पंधरा जणींत नीट अर्धा तास बोलता येते. जिथे गुणांपलीकडे माणूस म्हणून ओळख व्हायला वेळ मिळतो, तिथे तिसऱ्या वर्षाची, थोडी परिपक्व मुलगी उजवीच ठरते. कोणत्या चॅप्टरकडे जागा आहेत हे कार्यालय सांगते. ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच विचारावे. सर्वांत नावाजलेले चॅप्टर या यादीत बहुधा नसतात, आणि ज्यांना फक्त तेच हवे आहेत त्यांनी हा मार्ग धरू नये.

जुना जीपीए २.८ किंवा ३.० च्या वर असेल आणि दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफर होत असेल, तर मात्र फॉल रिक्रूटमेंटला जाण्यात काही गैर नाही. काही विद्यापीठे वरच्या वर्षाच्या मुलींसाठी वेगळा कोटा ठेवतात, तोही विचारून घ्यावा. प्रेफरन्स फेरीनंतर जो करार सही करायला देतात तो सावकाश वाचावा. त्यात लिहून दिलेल्या चॅप्टरची बिड आली आणि ती नाकारली, तर त्या विद्यापीठातील परिषदेच्या दुसऱ्या कोणत्याही सोरोरिटीत पुढच्या वर्षीच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत जाता येत नाही. ज्या मुलीकडे मुळात दोनच वर्षे आहेत, तिचे त्यात एक वर्ष जाते. म्हणून जिथे खरोखर जायचे नाही, ते नाव केवळ रकाना भरायचा म्हणून लिहू नये.

गुणांबद्दल काय बोलावे

पहिल्या भेटीत हा विषय आपणहून काढू नये, आणि कोणी विचारला तर टाळूही नये. उत्तर तीन वाक्यांत संपले पाहिजे: काय झाले, काय बदलले, आता कुठे आहे. ‘पहिल्या वर्षी मी आठवड्याला तीस तास नोकरी करत होते आणि दोन विषय गेले. ट्रान्सफरनंतर नोकरी दहा तासांवर आणली. गेल्या सत्रात ३.२ आला.’ एवढे पुरे. जुन्या प्राध्यापकांच्या तक्रारी, घरच्या अडचणींचे लांबण किंवा आपण मुळात किती हुशार होतो याचे दाखले, यांतले काहीही ऐकणाऱ्या मुलीला पुढच्या बैठकीत तुमच्या बाजूने मांडता येत नाही. तुमचे तीन वाक्यांचे उत्तर मात्र ती जसेच्या तसे मांडू शकते, कारण बिडचा निर्णय होतो तेव्हा तुम्ही त्या खोलीत नसता.

शिफारसपत्रांची पूर्वी जितकी गरज असे तितकी आता उरलेली नाही. तरी आपल्या वर्गातली, प्रयोगशाळेतली किंवा महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेली एखादी मुलगी त्या चॅप्टरमध्ये असेल, तर तिला आधी सांगून ठेवावे. वरच्या वर्षाच्या विद्यार्थिनीला ओळखीचा जेवढा उपयोग होतो, तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही.

पैसा, वेळ आणि चौकशी

पहिल्या सत्रात नव्या सदस्याचे शुल्क, दीक्षेचे शुल्क आणि पिन (सदस्यत्वाचा बिल्ला) धरून खर्च काहीशे डॉलरपासून हजाराच्या वर जातो, आणि घरात राहणे सक्तीचे असेल तर हिशेब वेगळाच होतो. बिड स्वीकारण्याआधी पूर्ण वर्षाचा आकडा लेखी मागावा आणि दोनच वर्षे उरलेल्या सदस्याला घरात राहण्याची सक्ती आहे का, तेही विचारावे. एफ-१ विद्यार्थिनीला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, हे धरूनच खर्चाचा विचार करावा. वेळेच्या बाबतीत पहिले दोन महिने सर्वांत जड असतात, म्हणून ज्या सत्रात जीपीए सावरायचा आहे त्याच सत्रात नवी सदस्य होणे टाळलेले चांगले.

घरच्यांना रॅगिंगची काळजी असते, आणि ती अनाठायी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या स्टॉप कॅम्पस हेझिंग कायद्याने विद्यापीठांना दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल जाहीर करणे बंधनकारक केले आहे. आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधून, जिथे जायचे त्या चॅप्टरचे नाव त्यात आहे का, हे पाच मिनिटांत पाहता येते.

बिड मिळाल्यानंतर

बिड म्हणजे पूर्ण सदस्यत्व नव्हे. नव्या सदस्यांचा काळ साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असतो आणि त्यानंतर दीक्षा होते. अनेक सोरोरिटींत दीक्षेआधी जीपीए पुन्हा तपासला जातो, आणि पुढेही प्रत्येक सत्राला ठरावीक आकडा राखावा लागतो. तो खाली गेल्यास समारंभांना जाण्यावर बंदी येते आणि अभ्यासाचे तास लावून दिले जातात. प्रत्येक चॅप्टरमध्ये अभ्यासाची जबाबदारी असलेली एक पदाधिकारी असते. तिला पहिल्याच आठवड्यात भेटून आपला आकडा, आपले विषय आणि परीक्षांच्या तारखा सांगून ठेवाव्यात. त्याच विषयात वर्षभर आधी ए मिळवलेली एखादी मुलगी त्या घरात असतेच, आणि तिची जुनी टिपणे, तिच्यासोबत ग्रंथालयात घालवलेली रविवारची दुपार आणि कोणत्या प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जावे याची तिची माहिती, एवढ्यासाठी सत्राच्या मध्यावर परीक्षा बिघडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.